फॉल्स सीलिंगच्या वर अडकलेली हवा

जुन्या नाशकात, तिवंधा-भद्रकालीच्या बाजूला, वाड्यांच्या तळमजल्यावर थाटलेले दवाखाने अजून दिसतात. पडवीत पेशंटचं लांब बाकडं, पडद्यामागे तपासणीचं टेबल. छत चांगलं चौदा फुटांवर. सागाच्या तुळया, वर फळ्यांची तक्तपोशी आणि छतालगत झरोके.

हे झरोके शोभेचे नाहीत. बाकड्यावरच्या माणसांच्या अंगाच्या उबेने हवा तापते, हलकी होऊन वर चढते, झरोक्यातून निघून जाते आणि चौकातली गार हवा दारातून आत येते. क्षयाचे जंतू खोकल्यातल्या अतिसूक्ष्म कणांवर स्वार होऊन तासन्‌तास तरंगत राहतात, म्हणून हे महत्त्वाचं. पेरूतल्या लिमा शहराच्या आठ रुग्णालयांत हे मोजलं गेलं. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. दारं-खिडक्या उघडल्यावर उंच छताच्या जुन्या खोल्यांत हवा तासाला सरासरी ४० वेळा बदलत होती, नव्या बांधकामात १७ वेळा.

आता हिशेब करा. १२ बाय १२ ची खोली, उंची १४ फूट: २,०१६ घनफूट हवा. नऊ फुटांवर फॉल्स सीलिंग ठोकलं की उरते १,२९६. एक तृतीयांशाहून जास्त हवा गेली, झरोके बुजले, आणि स्प्लिट एसी तीच हवा गार करून सगळ्यांच्या तोंडावर फिरवत बसला. एसीने हवा स्वच्छ होते हा समज कुठून आला कोण जाणे!

खरं तर नाशिकला उंचीचा फायदा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने मे महिन्यातही रात्री गारवा येतो. दोन फुटी भिंत दुपारचं ऊन आत पोचवेपर्यंत संध्याकाळ होते आणि रात्री ती पुन्हा निवते.

भिंतीचा चुना हा वेगळाच विषय. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायची; मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिचा पुन्हा दगड होतो. ताजा चुना इतका अल्कधर्मी की जंतू त्यात तगत नाहीत. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगनंतर घरोघर चुना मारला गेला तो त्याच भरवशावर, पण प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. त्यांना चुन्याचं काय?

चुन्याची भिंत ओल शोषते नि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो. पोपडे पडू लागले की रंगारी वॉटरप्रूफ रंग सुचवतो, आणि ओल आणखी कोंडते.