संगणकाची टीव्हीला जोडणी

संगणकावरचे चित्र सपाट पडद्याच्या टीव्हीवर दाखवण्यासाठी केलेली जोडणी. केबल लावली की चित्र दिसते. पण ते स्वच्छ दिसायचे तर संगणकाने पाठवलेला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, टीव्हीच्या एकेकाच पिक्सेलवर बसावा लागतो. हे जुळले की अक्षरे कोरल्यासारखी उठून दिसतात. नाही जुळले तर सिनेमा सुरेख दिसणाऱ्या टीव्हीवरही मजकूर वाचताना डोळे ताणावे लागतात.

सपाट पडद्यावरचे पिक्सेल कारखान्यातच कायमचे ठरलेले असतात : फुल एचडी टीव्हीत १९२० × १०८०, फोर-के टीव्हीत ३८४० × २१६०. वेगळ्या मापाचे चित्र आले की टीव्ही ते अंदाजाने ताणून बसवतो आणि एका पिक्सेलची काळी रेघ दोन करड्या रेघांत विभागली जाते. म्हणून संगणकात पडद्याचे मूळ रिझोल्यूशनच (आडव्या-उभ्या पिक्सेलांची संख्या) निवडावे. अक्षरे बारीक वाटली की रिझोल्यूशन उतरवण्याची चूक सर्रास होते. त्याऐवजी स्केलिंग, म्हणजे अक्षरे व चिन्हे मोठी दाखवण्याचे सेटिंग, वाढवावे. १३६६ × ७६८ पिक्सेलच्या जुन्या टीव्हींचे जरा अवघड असते. त्यांतले बरेच एचडीएमआय या डिजिटल केबलवरून नेमके तेवढे चित्र स्वीकारतच नाहीत.

मूळ रिझोल्यूशन निवडूनही चित्र धूसर राहिले, तर बहुतेक वेळा कारण ओव्हरस्कॅन असते. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा नीटनेटक्या येत नसत, म्हणून टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा चौकटीआड लपवत. ती सवय सपाट टीव्हींतही उतरली. प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापले गेले, तर १०८० ओळींपैकी खालच्या २७ ओळी जातात. ४० पिक्सेल उंचीच्या टास्कबारचा निम्म्याहून अधिक भाग दिसेनासा होतो आणि उरलेले चित्र ताणले जाते. संगणकाच्या बाजूने चित्र लहान करून टास्कबार परत आणता येतो, पण तो खरा इलाज नव्हे, कारण चित्र मग दोनदा ताणले-आवळले जाते. इलाज रिमोटवर आहे : चित्राच्या आकाराच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’, ‘डॉट बाय डॉट’ अशा एखाद्या नावाने ओव्हरस्कॅन बंद करण्याचा पर्याय असतो.

जोडणीसाठी आज मुख्यतः एचडीएमआय वापरतात. त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. त्याआधीचे व्हीजीए (१९८७) ॲनालॉग असल्याने त्यात अक्षरांना सावली येऊ शकते. डीव्हीआय (१९९९) डिजिटल असून साध्या अडॅप्टरने एचडीएमआयला जोडता येते. फोर-के चित्रासाठी आवृत्ती पाहावी लागते. १.४ मध्ये ते सेकंदाला ३० वेळाच पूर्ण रंगांत जाते आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो, २.० मध्ये ते ६० वेळा जाते. मात्र अनेक टीव्हींत त्या पोर्टची पूर्ण क्षमता सेटिंगमधून आधी चालू करावी लागते.

क्षमता अपुरी पडली की रंगांत काटकसर होते. ४:२:० या पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकच असते. चलचित्रात हे जाणवत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे लिहून पाहिली की कडा लगेच माखलेल्या दिसतात. म्हणून प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्ण पाठवणारे ४:४:४ किंवा आरजीबी निवडावे. कित्येक टीव्हींत इनपुटचे नाव बदलून ‘पीसी’ केले की रंग पूर्ण मिळू लागतात आणि चित्रावरची बरीचशी प्रक्रियाही थांबते.

शार्पनेसचे नाव फसवे आहे. ते वाढवल्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांना खोटी झालर लागते. करड्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवून भोवतीची पांढरी कड नाहीशी होईपर्यंत ते कमी करावे. काळा रंग राखाडी दिसला किंवा गडद भाग एकसारखे काळे झाले, तर संगणक आणि टीव्ही यांच्या उजेडाच्या पट्ट्या जुळलेल्या नसतात : संगणक ० ते २५५ मोजतो, टीव्हीची परंपरा १६ ते २३५ ची. दोन्हीकडे एकच पट्टी ठेवावी.

एवढे करूनही २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात, तर ४० इंची फुल एचडी टीव्हीवर ५५ च. टेबलाजवळ बसून वाचायचे असेल तर त्या आकाराला फोर-के टीव्हीच हवा. चार-पाच हातांवरून पाहताना हा फरक फारसा जाणवत नाही.