मान दुखते की मान मिळतो?

बेळगावच्या खडेबाजारात गिऱ्हाईक म्हणतं, "अर्धा लिटर हालु कोडरी." कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. पण शेवटचा 'उ' कानावर येईपर्यंत तो नुसता 'हाल' असतो. ज्याला दोन्ही भाषा येतात, त्याच्या डोक्यात तेवढ्यात मराठीतले 'हाल'ही जागे होत असणार. स्पायवी आणि मारियन या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांची नजर मोजली. रशियनमध्ये 'मार्कु' (टपालाचं तिकीट) उचलायला सांगितलं, तर समोरच्या मार्कर पेनकडेही नजर जात होती. सूचना रशियन असली तरी इंग्रजी झोपलेली नव्हती.

एकाच भाषेतही हेच चालतं. आपल्याला वाटतं, संदर्भ बघून मन नेमका अर्थ उचलतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी 1979 मध्ये ते तपासलं. इंग्रजी 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकायचं यंत्रही. वाक्य कानावर पडत असताना पडद्यावर अक्षरं उमटत, आणि हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच सांगायचं असे. जागा झालेल्या अर्थाच्या जवळचा शब्द लवकर ओळखला जातो. वाक्य कोळी-झुरळांचं असूनही 'बग' संपताक्षणी 'मुंगी' आणि 'हेर' हे दोन्ही शब्द लवकर ओळखले गेले. तीन अक्षरं पुढे गेल्यावर मात्र फक्त 'मुंगी'. म्हणजे दारं आधी सगळी उघडतात. संदर्भ नको ती मागाहून लावून घेतो.

सगळे अनेकार्थी शब्द सारखा त्रास देत नाहीत. खानापुरात शेतात उभा असतो तो भात, पोत्यात भरतात तो भात, पानात वाढतात तोही भात. असे नात्यातले अर्थ असले की शब्द उलट लवकर ओळखू येतो. इंग्रजी शब्दांवरच्या 2002 च्या प्रयोगांत तसंच दिसलं. अडतं ते अर्थांचा एकमेकांशी संबंध नसला की. 'मान'चंच बघा.

इथे मराठीकडे एक हुकमी खूण आहे: लिंग. 'माझी मान' म्हटलं की खांद्यांवरची, 'माझा मान' म्हटलं की सन्मान. ती माळ गळ्यातली, तो माळ गुरं चरायचा. पाठ दुखते, पाठ वाचला जातो. विशेषण आधी आलं तर शब्द यायच्या आतच निकाल लागतो. ते नसलं तर क्रियापदापर्यंत थांबावं लागतं, आणि आपलं क्रियापद शेवटी. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, त्यामुळे कन्नड घरातून मराठीत आलेल्याला ही खूण मुद्दाम शिकावी लागते.

बातमीच्या मथळ्यात तर क्रियापदच गाळतात. 'माळ विक्रीवरून भावांत वाद'. सोनाराकडची की गावाबाहेरचा? वाचणारा चुकीचं दार धरून पुढे जातो आणि दुसऱ्या ओळीत 'एकर' आलं की डोळे मागे वळवतो. 'गावचा माळ' लिहिलं असतं तर 'चा'वरच काम भागलं असतं.