एनएमएमएस शिष्यवृत्ती: आठवीतल्या परीक्षेपासून बारावीपर्यंतची कागदपत्रे

कोल्हापुरात ‘स्कॉलरशिप’ म्हटले की बहुतेक पालकांना राज्याची शिष्यवृत्ती परीक्षाच आठवते आणि आठवीतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, मागे पडते. ही केंद्र शासनाची योजना असून तिची परीक्षा आपल्या राज्यात पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरमहा 1,000 रुपये, म्हणजे वर्षाला 12,000 आणि एकूण 48,000 रुपये मिळतात. यंत्रमागावर किंवा दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या घरातल्या हुशार मुलाचे शिक्षण दहावीनंतर थांबू नये, यासाठी ही रक्कम आहे. मात्र परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ कागदपत्रांमुळे ती हातची गेलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून येथे अभ्यासापेक्षा प्रक्रियेविषयी अधिक लिहीत आहे.

परीक्षेला बसणारा विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत नियमित शिकत असला पाहिजे. त्याला सातवीत किमान 55 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांना ही अट 50 टक्के आहे. आई आणि वडील या दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न 3,50,000 रुपयांपेक्षा जास्त नसावे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, जवाहर नवोदय विद्यालय आणि सैनिकी शाळा यांतील विद्यार्थी अपात्र ठरतात. तसेच शासकीय वसतिगृहात राहण्या-जेवण्याची आणि शिक्षणाची सोय घेणाऱ्यांनाही ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आपली शाळा अनुदानित आहे की नाही, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. ते मुख्याध्यापकांना आधीच विचारून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकून आठवीला गावच्या किंवा शेजारच्या हायस्कूलमध्ये जाणारी मुले खूप आहेत. त्यांनी सातवीचे गुणपत्रक शाळा सोडतानाच जपून ठेवावे, कारण अर्जाच्या वेळी जुन्या शाळेकडे पुन्हा जाण्यात मोक्याचे दिवस वाया जातात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. त्यासाठी जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि सोबत रेशनकार्ड, आधार कार्ड, स्वयंघोषणापत्र व तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल जोडावा लागतो. जून-जुलैत प्रवेशांमुळे दाखल्यांसाठी मोठी गर्दी असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. आरक्षित प्रवर्गासाठी जातीचा आणि दिव्यांग विद्यार्थ्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखलाही तयार ठेवावा.

अर्ज पालकांनी परस्पर भरायचा नसून शाळेने परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनमधून भरायचा असतो आणि प्रवेशपत्रही तेथूनच निघते. म्हणून अर्ज सुरू झाल्याची सूचना येताच वर्गशिक्षकांना भेटावे आणि भरलेल्या अर्जाची प्रत स्वतः वाचून पाहावी. विद्यार्थ्याचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आधार कार्डावर आणि अर्जात अक्षरशः सारखे असले पाहिजे. आधारवर एखादे अक्षर वेगळे असेल, तर ते परीक्षेपूर्वीच दुरुस्त करून घेणे श्रेयस्कर, कारण निवड झाल्यानंतर मुदती फार थोड्या असतात.

परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे प्रत्येकी 90 गुणांचे दोन पेपर असतात व प्रत्येकाला 90 मिनिटे मिळतात. दुसऱ्या पेपरात सामान्य विज्ञानाचे 35, समाजशास्त्राचे 35 आणि गणिताचे 20 प्रश्न असतात. दोन्ही मिळून 40 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती व जमातीसाठी ही मर्यादा 32 टक्के आहे. परंतु उत्तीर्ण होणे म्हणजे निवड होणे नव्हे. राज्याच्या वाट्याला 11,682 शिष्यवृत्त्या येतात आणि त्या जिल्हावार व प्रवर्गानुसार गुणवत्तेवर वाटल्या जातात.

निवड यादीत नाव आल्यावर खरी दक्षता सुरू होते. नववीत गेल्यावर विद्यार्थ्याने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर एकवेळ नोंदणी करून स्वतंत्र अर्ज भरायचा असतो. तो आधी शाळेकडून आणि नंतर जिल्हा पातळीवर पडताळला जातो. हा अर्ज आपोआप होत नाही. परीक्षा परिषदेच्या यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबून निर्धास्त राहिलेल्या पालकांचे नुकसान येथेच होते. पुढे दहावी, अकरावी आणि बारावीत दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पैसे थेट बँक खात्यात येतात, म्हणून खाते चालू स्थितीत आणि आधारशी जोडलेले असावे; केवळ खातेपुस्तकावर आधार क्रमांक लिहिलेला असणे पुरेसे नाही, ते बँकेत विचारून खात्री करून घ्यावी. दरवर्षी पुढच्या वर्गात पहिल्याच प्रयत्नात जाणे आवश्यक आहे, आणि अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी दहावीत 60 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला 55 टक्के गुण हवेत.

दहावीनंतरचा निर्णयही विचारपूर्वक घ्यावा. पॉलिटेक्निकच्या पदविकेला प्रवेश घेतल्यास ही शिष्यवृत्ती थांबते आणि विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गेल्यासही तेच होते. अकरावीचा पसंतीक्रम भरतानाच संबंधित तुकडी अनुदानित आहे का, हे तपासावे. एकाच महाविद्यालयात दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात.

परीक्षेत उत्तीर्ण होऊनही निवड यादीत न आलेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तीत नववी ते बारावी वर्षाला 9,600 रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्जही शाळेमार्फतच जातो. म्हणून निवड झाली नाही तरी एनएमएमएसचे गुणपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा पुरावा एकाच फाइलमध्ये ठेवून निकालानंतर लगेच मुख्याध्यापकांची भेट घ्यावी.