नंबर एक, नंबर दोन : उजनीकाठच्या गावांच्या आठवणींची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात भीमेच्या अंगाला कुणाला गाव विचारलं, तर नावामागून आकडा येतो. केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन. वांगी तर चारपर्यंत जाते. परक्या माणसाला हे वॉर्ड वाटतात. घराण्यांच्या आठवणी लिहून घ्यायला बसलं की पहिली अडचण या आकड्यापाशीच येते. म्हणून या टिपणात त्याला जास्त जागा दिली आहे.

भीमेवरच्या उजनी धरणाआधीच्या काळाबद्दल थोडक्यात. जिल्ह्याच्या दक्षिण भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे, यायचे. बैलावर वह्या लादून दारात उभे राहायचे, खापरपणजापासून नावं वाचून दाखवायचे आणि नव्या पिढीची भर घालून धान्य घेऊन पुढच्या गावाला निघायचे. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडेही वारीला आलेल्या घराण्यांच्या नावांच्या वह्या असत. सरकारी बाजूला कोतवाल बुकात जन्म-मृत्यू मोडीत लिहिले जात. 1860 च्या सुमाराला सोलापूरपर्यंत रेल्वे आली, तिचा जुना मार्ग याच काठाने होता. पुढे धरणामुळे तो वर सरकवावा लागला. डिकसळ आणि कोंढार चिंचोलीच्या मधला दगडी पूल तेवढा मागे राहिला आणि त्यावरून गाड्या-मोटारी जाऊ लागल्या.

आमच्याकडे काळ मोजायची खूण एकच, ‘पाणी आलं तेव्हा’. धरणाचं काम 1966 साली सुरू झालं आणि 1980 साली संपलं. मध्ये 1972 चा दुष्काळ पडला. ज्यांची शेतं जायची होती तेच लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खात होते. माझी चुलती ते सांगताना कधी सन सांगत नाही. गाव उठलं तवा थोरली पोटात होती, एवढंच म्हणते. ‘उठलं’ हा शब्द इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी आहे. कागदावर त्याला ‘पुनर्वसन’ म्हणतात. पण पुनर्वसन या शब्दात बसवणारा कोणीतरी दुसरा असतो. ‘गाव उठलं’ म्हणताना पंगतीतून उठावं तसं सगळं गावच उठलेलं असतं.

आता आकड्याकडे वळतो. गाव एकत्र उठलं, पण एका जागी बसलं नाही. कुणाची थोडी जमीन पाण्याच्या वर राहिली होती, तो तिच्याजवळच थांबला. कुणाला त्याच शिवारात उंचावर नव्या गावठाणात प्लॉट मिळाला. कुणाला लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी पोचणाऱ्या भागात, दूर जमीन मिळाली आणि तो बिऱ्हाड घेऊन तिकडे गेला. एका नावाच्या दोन-तीन वस्त्या झाल्या. त्या वेगळ्या ओळखायला कार्यालयाला क्रमांक हवा होता. तो सोयीचा होता, पुढे तोच ओळख होऊन बसला. सख्खे भाऊ दोन नंबरांत गेले. जत्रा कुठल्या नंबरात भरवायची, पालखी आधी कुठल्या वेशीत न्यायची, देव नव्या देवळात आणला म्हणजे जुना ओटा मोकळा झाला का, असे वाद उभे राहिले. ‘मूळ गाव आमचंच’ असं दोन्हीकडचे म्हणतात. मूळ गाव पाण्याखाली आहे.

जे लोक सध्या या आठवणी जमवत आहेत त्यांच्यातही यावर एकमत नाही. धरणाआधी जन्मलेल्या माणसाच्या नावापुढे गाव काय लिहायचं? एक बाजू म्हणते, आजचा नंबर लिहा, नाहीतर पुण्यात वाढलेल्या नातवाला काही सापडणार नाही. तिचं म्हणणं समजतं. तरी मला ते पटत नाही. ज्या बाईने आयुष्यात कधी नंबर दोन पाहिलंच नाही, तिच्या जन्मापुढे नंबर दोन लिहिणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा उठवणं आहे. तिच्या नावापुढे नुसतं गावाचं नाव असावं, कंसात ‘जुनं गावठाण’, आणि वारस आज कुठे आहेत ते खाली वेगळ्या ओळीत. चार शब्द जास्त लागतील, तेवढे लागू द्यावेत. शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यांवरही गावाचं नाव बिनआकड्याचंच आहे.

या भागात वंशावळ लिहायची सवय लागली ती मात्र प्रकल्पग्रस्त दाखल्यामुळे. राज्यात पुनर्वसनाचा कायदा 1976 साली झाला, पुढे 1986 आणि 1999 साली नवे कायदे आले. सरकारी नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के समांतर आरक्षण मिळालं. त्यासाठी दाखला हवा, दाखल्यासाठी बुडालेल्या जमिनीच्या खातेदाराशी नातं दाखवायला हवं, म्हणून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं. ज्या घरांत आजोबांच्या वडिलांचं नाव कुणाला धड सांगता येत नव्हतं, तिथे स्टॅम्पपेपरवर चार पिढ्या उभ्या राहिल्या. दाखला मात्र मोजक्यांनाच उपयोगी पडणार, म्हणून कोणाच्या पोराला द्यायचा यावरून चुलतभावांत बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत.

2023 च्या अखेरीस मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कोतवाल बुकं, जुने फेरफार पुन्हा बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्याच्या दारात रांगा लागल्या. वंशावळी आणखी दोन पिढ्या मागे गेल्या. एवढ्या थोड्या दिवसांत इतकी माणसं आपल्या पणजोबाचं नाव शोधताना मी तरी आधी पाहिली नव्हती.

पण हे सगळे कागद जमीन, नोकरी आणि दाखल्यासाठी झाले. त्यांनी जे विचारलं तेच घराच्या लक्षात राहिलं. खातेदार कोण, वारस कोण, हे विचारलं. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, म्हणजे होडी चालवणारा, भट्टी लावणारा कुंभार, वेशीबाहेर राहणारी माणसं, त्यांना जमिनीचा सवाल आलाच नाही. घरापुरता प्लॉट मिळाला की त्यांची नोंद तिथेच संपली. बुडालेल्या गावाची सगळ्यात बारीक माहिती मात्र त्यांच्याकडेच असायची. भीमेला कुठे उतार आहे आणि कुठे डोह, हे होडी चालवणाऱ्याइतकं कोण जाणणार?

दुसऱ्या राहिल्या बाया. जुन्या प्रतिज्ञापत्रांत मुलीच नाहीत. एका पिढीत पाच मुलगे आणि शून्य मुली, असं झाड कागदावर सर्रास दिसतं. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा जन्मापासूनचा हक्क मान्य झाला, तेव्हा त्यांची नावं कागदावर येऊ लागली. तीही बऱ्याच वेळा हक्कसोडपत्राच्या निमित्तानं. सासरही बुडालं आणि माहेरही बुडालं, अशा कितीतरी जणी या काठावर आहेत. भरपाईच्या कुठल्याच अर्जात माहेराचा रकाना नव्हता.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. काठावर ज्यांची जमीन उरली त्यांना पाण्याने वरही काढलं. उपसा आला, ऊस आला, कंदरची केळी परदेशात जाऊ लागली. एकाच घरातला एक भाऊ बागायतदार झाला आणि दुसरा लाभक्षेत्रातल्या परक्या गावात ‘धरणवाला’ म्हणून राहिला. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, तर पाणी येण्याची हकिकत दोन तऱ्हांनी ऐकायला मिळते. मी दोन्ही लिहून घेतो, पण दुसऱ्याकडे जास्त वेळ बसतो.

धरणात सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून अधिक, जवळपास 63 टीएमसी, मृतसाठा, म्हणजे तळाचा साठा आहे. टक्केवारी त्याच्या वरच्या पाण्याची मोजतात. म्हणून बातमीत उजनी शून्यावर आली तरी जुनी गावं दिसत नाहीत. साठा उण्यात बराच खाली गेला की कुगावच्या वाड्याच्या भिंती आणि पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं देऊळ वर येतं. 2024 च्या उन्हाळ्यात पातळी उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेली होती. तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात केलेल्या पेरणीच्या कडेकडेने म्हाताऱ्या माणसांना मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. चुलतीला उंबरा सापडला नाही. चुलीची जागा तिने बरोबर दाखवली, मग तिथून मोजत मोजत सात घरं सांगितली. त्यातल्या तीन घरांची नावं आमच्याकडच्या एकाही वंशावळीत नाहीत.