दक्षिण कोरिया आणि आंतरराष्ट्रीय पुरस्कार

दक्षिण कोरियाच्या नावावर २०२५ अखेरपर्यंत दोन नोबेल पारितोषिके आहेत : २००० साली शांततेसाठी किम दे-जुंग यांना आणि २०२४ साली साहित्यासाठी हान कांग यांना मिळालेले. साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या हान कांग या आशियातील पहिल्या महिला होत. बुकर, कान चित्रपट महोत्सव, ऑस्कर, गणितातील फील्ड्स पदक या मानांवरही गेल्या काही दशकांत कोरियन नावे दिसू लागली. विज्ञानाचे नोबेल मात्र अजून मिळालेले नाही.

दोन्ही नोबेलविजेत्यांचा संबंध ग्वांग्जू शहराशी येतो, हे लक्षात घेतल्याशिवाय या मानांचा अर्थ कळत नाही. मे १९८० मध्ये तेथील विद्यार्थी आणि नागरिक लष्करी राजवटीविरुद्ध उठले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या उठावाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून किम यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. जगभरातून दबाव आल्यावर ती कमी झाली. हेच किम १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि जून २००० मध्ये प्योंगयांगला जाऊन उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-इल यांना भेटले. फाळणीनंतर दोन्ही कोरियांच्या सर्वोच्च नेत्यांची ही पहिलीच भेट. या भेटीआधी ह्युंदाई समूहामार्फत उत्तरेला गुप्तपणे पैसे पोचवले गेल्याचे २००३ मधील चौकशीत निष्पन्न झाले, तेव्हा पुरस्कारावर टीका झाली. पण नोबेल समितीने लोकशाही व मानवी हक्कांसाठीच्या त्यांच्या कार्याचाही स्पष्ट उल्लेख केला होता. त्यामुळे हे पारितोषिक केवळ त्या एका दौऱ्याचे फळ मानणे अन्यायाचे ठरेल.

हान कांग यांचा जन्म १९७० साली ग्वांग्जूमध्येच झाला. २०१४ मध्ये आलेली त्यांची कादंबरी त्या हत्याकांडातील मृतांविषयी आहे, तर २०२१ मधील कादंबरीला जेजू बेटावरील १९४८ नंतरच्या कत्तलीची पार्श्वभूमी आहे. असे लेखन सरकारला रुचणारे नव्हते. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या काळात कलावंतांची एक काळी यादी तयार झाली होती. हान कांग यांच्याप्रमाणेच दिग्दर्शक बाँग जून-हो आणि पार्क चान-वूक यांचीही नावे तीत होती. देशाची मान जगात उंचावणारी माणसे अशी सरकारी मदतीपासून दूर ठेवण्याच्या यादीत असावीत, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला आणि काही तासांत संसदेने तो उलथवला. त्यानंतर आठवड्याभरात हान कांग यांनी स्टॉकहोममध्ये पारितोषिक स्वीकारले.

साहित्यातील यशामागे अनुवादकांचे मोठे श्रम आहेत. कोरियन साहित्याच्या अनुवादासाठी सरकारी पाठबळाची संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. इंग्रजीत अनुवादित पुस्तकांसाठीचे २०१६ चे आंतरराष्ट्रीय बुकर हान कांग आणि अनुवादक डेबोरा स्मिथ यांना समान वाट्याने मिळाले. अनुवादातील चुकांवरून कोरियात पुढे बराच वाद झाला, तरी वाट मोकळी झाली होती. २०२२ मध्ये चुंग बोरा याच पुरस्काराच्या अंतिम यादीत होत्या (त्या वर्षीचा पुरस्कार गीतांजली श्री यांना मिळाला), २०२३ मध्ये चन म्योंग-ग्वान आणि २०२४ मध्ये ह्वांग सोक-योंग. बालसाहित्यात बेक ही-ना यांना २०२० चा आस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार आणि सूझी ली यांना चित्रांसाठी २०२२ चे अँडरसन पदक मिळाले.

बुकरच्या याद्या जाहीर होतात. नोबेलची नामांकने मात्र ५० वर्षे गुप्त राहतात. म्हणून ‘नोबेलसाठी नामांकित’ अशी जिवंत लेखकांबद्दलची बातमी पडताळता येत नाही. कवी को उन यांचे नाव अनेक वर्षे दर ऑक्टोबरला चर्चेत येत असे, तेही अंदाजापुरतेच.

चित्रपटांबाबत १९९६ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली आणि बुसान चित्रपट महोत्सवही सुरू झाला. त्याआधी १९८७ मध्ये कांग सू-यन व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या होत्या. २००२ मध्ये कानला इम क्वोन-तेक आणि व्हेनिसला ली चांग-दोंग यांना दिग्दर्शनाचा मान मिळाला. ऑस्करसाठी कोरिया १९६२ पासून चित्रपट पाठवत होता, पण परभाषिक विभागात एकही नामांकन मिळाले नव्हते. बाँग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ने २०१९ मध्ये कानचा सर्वोच्च मान आणि २०२० मध्ये चार ऑस्कर मिळवले; सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला तो पहिलाच इंग्रजीतर चित्रपट. पुढच्याच वर्षी यून यो-जंग सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरल्या.

विज्ञानातील उणीव कोरियन वृत्तपत्रांत दरवर्षी चर्चेला येते. संशोधनावरील खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असला, तरी त्याचा मोठा भाग उद्योगांच्या गरजांकडे वळतो. मूलभूत संशोधनाची राष्ट्रीय संस्था २०११ मध्ये उभी राहिली. रसायनशास्त्राचे १९८७ चे नोबेल मिळालेले चार्ल्स पेडरसन बुसानमध्ये जन्मले होते, पण त्यांचे वडील नॉर्वेचे आणि आई जपानी असल्याने त्यांना कोरियन विजेत्यांत धरत नाहीत. गणितात २०२२ चे फील्ड्स पदक जून हूह यांना मिळाले. त्यांचा जन्म अमेरिकेतला, पण शालेय आणि पदव्युत्तर शिक्षण कोरियातच झाले. सोल राष्ट्रीय विद्यापीठात शिकवायला आलेल्या जपानी गणिती हिरोनाका हेइसुके यांच्या वर्गात ते गणिताकडे वळले.