पंप रूम शाबूत आहे, पाडलं ते हॉटेल

इंग्लंडमधल्या बाथ शहराची ‘ग्रँड पंप रूम’ पाडली, असं कुणीतरी लिहितं आणि वाचणारे हळहळतात. हळहळ योग्य आहे, इमारत चुकीची आहे. पाडलं ते समोरचं ग्रँड पंप रूम हॉटेल.

पंप रूम बहुतेकांना ठाऊक असते. रोमन स्नानगृहांना लागून असलेलं, झऱ्याचं पाणी पेल्यातून प्यायचं अठराव्या शतकातलं दालन. आजही तिथे बसून चहा पिता येतो.

हॉटेल होतं स्टॉल स्ट्रीटच्या पलीकडे, पश्चिमेला. तिथली व्हाइट हार्ट ही घोडागाड्यांची जुनी सराई पाडून ते बांधलं आणि 1869 मध्ये सुरू झालं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राहिलेल्या इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या बाथमध्ये ते नव्हतंच. नाव समोरच्या वास्तूचं घेतलं, हा गोंधळाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा पाण्याचा. हॉटेलला जोडून न्यू रॉयल बाथ्स ही स्नानगृहं होती, त्यामुळे संधिवाताने आखडलेल्या पाहुण्याला रस्त्यावर पाऊल न टाकता गरम पाण्यात उतरता येई. जुन्या मजकुरात ‘पंप रूम’ आणि ‘स्नान’ शेजारी आले की लोक ते सगळं रोमन बाजूला ढकलतात. तिथे आधी मुक्काम शोधा. पंप रूममध्ये राहायच्या खोल्या नव्हत्या. मुक्काम असेल तर मजकूर हॉटेलचा.

छायाचित्रात फरक सोपा आहे. पंप रूमच्या त्रिकोणी माथ्याखाली ग्रीक अक्षरं कोरली आहेत, अर्थ ‘पाणी सर्वोत्तम’. अनेक मजले आणि वर फ्रेंच वळणाचं उंच, तीव्र उताराचं छप्पर दिसलं, तर ते हॉटेल.

सर्वांत जास्त खटकतं ते ‘बॉम्बहल्ल्यात गेलं’ हे वाक्य. एप्रिल 1942 च्या जर्मन हल्ल्यांत असेंब्ली रूम्स ही शहरातली नाच-मेळाव्यांची दालनं आतून जळाली, हॉटेल उभं राहिलं. युद्धकाळात ते सरकारने ताब्यात घेतलं होतं. पाडलं 1959 मध्ये, युद्ध संपून चौदा वर्षं झाल्यावर, माणसांनी ठरवून. बॉम्बवर ढकललं की तो निर्णयच इतिहासातून पुसला जातो.

पंप रूमशेजारच्या खांबांच्या रांगेतून स्टॉल स्ट्रीटवर या. समोर खाली दुकानं, वर फ्लॅट असलेलं आर्लिंग्टन हाउस दिसेल. हॉटेलची जागा तीच.