नेटवर्क हार्डवेअर ऑफलोडचे सामाईक इंटरफेस

पॅकेटचे तुकडे पाडणे, चेकसम (डेटा वाटेत बिघडला का हे ताडण्याचा आकडा) काढणे, ठरलेला प्रवाह पुढे ढकलणे अशी प्रोसेसरची कामे नेटवर्क कार्डाकडे किंवा स्विच चिपकडे सोपवणे म्हणजे ऑफलोड. ही सोय कंपनीगणिक वेगळ्या साधनांतून न देता ऑपरेटिंग सिस्टिमच्या ठरलेल्या मार्गाने खुली करणे, हा या नोंदीचा विषय. विंडोजमध्ये त्यासाठी एनडीआयएस ही नेटवर्क ड्रायव्हरांची ठरलेली चौकट आहे. येथे भर लिनक्सवर आहे, कारण सांगली-मिरजेतल्या केबलवाल्याच्या रॅकमध्ये काय किंवा घरातल्या राउटरमध्ये काय, आत बहुधा तेच चालते.

१ गिगाबिटच्या तारेवरून १,५०० बाइटांची भरलेली पॅकेटे सेकंदाला सुमारे ८१,००० जातात. सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटांच्या फ्रेम आल्या तर हाच आकडा १४.८८ लाखांवर पोचतो. दर पॅकेटमागे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, तोच खटाटोप करावा लागतो. टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड (टीएसओ) चालू असेल तर कर्नल सुमारे ६४ किलोबाइटांचा एकच गठ्ठा खाली देतो आणि त्याची चाळीसहून अधिक पॅकेटे कार्डच पाडते. कार्डाला हे जमत नसेल तर जीएसओ नावाची सोय तेच काम शेवटच्या क्षणी सॉफ्टवेअरमध्ये उरकते. वरच्या प्रोग्रामला दोन्हींतला फरक कळत नाही. सामाईक इंटरफेसचे सगळे मर्म यात आले: काय व्हायचे ते सॉफ्टवेअर ठरवते, हार्डवेअर फक्त ते लवकर करते.

याच कारणाने संपूर्ण टीसीपी कार्डात नेणारी 'टीओई' पद्धत लिनक्सच्या मुख्य प्रवाहाने नाकारली. तीत कर्नलचे फायरवॉल बाजूला पडतात आणि सुरक्षेतली चूक दुरुस्त करायला कंपनीच्या बंद फर्मवेअरची (कार्डातल्या सॉफ्टवेअरची) वाट पाहावी लागते. हा हट्ट त्या वेळी काहींना जुनाट वाटला असेल. पुढच्या घडामोडी पाहता तो योग्यच होता.

कार्डाच्या सोयी पाहण्याचे नेहमीचे साधन म्हणजे 'इथटूल'. त्याला लहान लिपीतला 'के' दिला की यादी दिसते, मोठ्या लिपीतल्या 'के'ने ती बदलता येते. यादीत काही ओळींपुढे चौकटी कंसात 'फिक्स्ड' असते: ती सोय या कार्डावर बदलता येत नाही. कधी 'ऑफ'पुढे 'रिक्वेस्टेड ऑन' दिसते. पाठवण्याचा चेकसम ऑफलोड बंद केला तर टीएसओ आपोआप बंद पडतो, कारण तुकडे कार्डाने पाडायचे तर प्रत्येकाचा चेकसमही त्यानेच काढायला हवा. मागितलेले आणि मिळालेले, दोन्ही एकाच ओळीत दिसतात, हा या साधनाचा मोठा गुण. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून इथटूलला कर्नलशी बोलण्याचा नवा मार्ग, नेटलिंक, मिळाला.

स्विच चिपची गोष्ट अधिक अवघड. पूर्वी प्रत्येक चिपसोबत कंपनीचा बंद एसडीके (ती चिप चालवण्याचा सॉफ्टवेअर संच) यायचा. चिप बदलली की शिकलेले वाया. २०१५ मध्ये ३.१९ आवृत्तीत 'स्विचडेव्ह' आले आणि स्विचचे प्रत्येक पोर्ट कर्नलला साधे नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसू लागले. नेहमीच्या आज्ञांनी ब्रिज (पोर्टांना एका जाळ्यात जोडणारा पूल) बांधला की ड्रायव्हर तोच चिपमध्ये उतरवतो. पॅकेटे ओळखून त्यांचे काय करायचे हे सांगणारे 'टीसी फ्लॉवर'चे नियमही असेच उतरतात. 'स्किप एसडब्ल्यू' लिहिले तर नियम फक्त हार्डवेअरमध्ये जातो आणि तिथे जागा नसेल तर आज्ञा सरळ फसते. गुपचूप हळू चालण्यापेक्षा ते बरे.

ऑफलोडची किंमत म्हणजे दिसेनासे होणे. विश्रामबागेतल्या अभियांत्रिकीच्या मुलाने लॅपटॉपवर पॅकेटे पकडून दाखवणारे वायरशार्क लावले की त्याला स्वतःच्याच मशीनमधून निघालेली, १,५०० बाइटांहून कितीतरी मोठी पॅकेटे आणि चुकीचे चेकसम दिसू शकतात. तारेवर सगळे ठीक असते. पकड कार्डाच्या आधी, म्हणजे तुकडे पडण्यापूर्वी झालेली असते. त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला पकडले तर चेकसम बरोबर निघतात, पॅकेटे मात्र तिथेही जीआरओने (आलेली पॅकेटे एकत्र करणाऱ्या सोयीने) जोडलेली दिसू शकतात.

इंटरनेट पुरवठादाराला हाच प्रश्न पैशात भेटतो. २०१८ च्या ४.१६ आवृत्तीत 'फ्लोटेबल' आले: जोडणी एकदा प्रस्थापित झाली की तिची पुढची पॅकेटे नेहमीचा लांबचा रस्ता टाळून आडवाटेने जातात, आणि चिपमध्ये सोय असेल तर प्रोसेसरला स्पर्शही करत नाहीत. पण प्रोसेसरवरचा वेग-नियंत्रकही त्यामुळे वगळला जातो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये या पर्यायापाशी तो क्यूओएसशी (वेग आणि प्राधान्य ठरवणाऱ्या सोयीशी) पूर्ण सुसंगत नसल्याची सूचना आहे. ५० मेगाबिटचा प्लॅन घेतलेल्या ग्राहकाला त्याच राउटरमध्ये सॉफ्टवेअरने अडवायचे असेल, तर हार्डवेअर ऑफलोड बंद ठेवून प्रोसेसर तापवावा लागतो. नाहीतर वेगमर्यादा स्वतः चिपमध्ये पाळू शकणारे यंत्र घ्यावे लागते किंवा ती दुसऱ्या यंत्रावर न्यावी लागते.